पान आणि चिठ्ठी : नवेगावबांधच्या नोंदवह्यांविषयी

१

बेटांवरील वनस्पतींच्या अभ्यासाचा इतिहास वाचताना एक प्रसंग सर्वत्र भेटतो. १८३५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात चार्ल्स डार्विन गालापागोस बेटांवर सुमारे पाच आठवडे होता. तेथे टिपलेले फिंच पक्षी नेमके कोणत्या बेटावरचे, हे त्याने बहुतांश नमुन्यांवर लिहून ठेवले नाही. पुढे लंडनमध्ये त्या पक्ष्यांचे महत्त्व ध्यानात आले, तेव्हा जहाजावरील इतरांनी जपलेल्या नमुन्यांवरून त्याला स्थळे जुळवीत बसावे लागले. वनस्पतींचे तसे झाले नाही. त्या बेटवार वेगळ्या बांधलेल्या होत्या. १८४० च्या दशकात जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती वाळलेली पाने तपासली आणि एकाच द्वीपसमूहातील शेजारच्या बेटांवर निरनिराळ्या जाती कशा वाढतात हे सप्रमाण दाखवून दिले. जगात नाव झाले ते फिंच पक्ष्यांचे. भक्कम पुरावा मात्र पानाखाली चिकटवलेल्या चिठ्ठीने दिला.

या कथेतील विज्ञानाचा भाग आम्हांला येथे विस्ताराने सांगायचा नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी तिच्यातून घ्यावा असा बोध निराळा आहे. निसर्गाविषयीच्या कोणत्याही नोंदीला दोन अंगे असतात. एक म्हणजे पान, म्हणजे जे पाहिले ते. दुसरे म्हणजे चिठ्ठी : कोठे पाहिले, केव्हा पाहिले आणि कोणी दाखविले. पान कितीही सुंदर असले, तरी चिठ्ठी हरवली की ते अभ्यासाच्या कामाचे राहत नाही. ते सजावटीला उपयोगी पडते, आणि सजावटीचेही मोल असते. पण ती दोन मोले एक नव्हेत.

मराठीत ज्यांच्या लेखनाला हा निकष लावून पाहावा असे सर्वांत मोठे नाव मारुती चितमपल्ली यांचे आहे. ते रूढ अर्थाने वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते. वनाधिकारी होते, पक्ष्यांचे निरीक्षक होते, कोशकार होते. १८ जून २०२५ रोजी वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी सोलापुरात त्यांचे निधन झाले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. त्यांच्यावर आलेल्या मृत्युलेखांत ‘अरण्यऋषी’ हा शब्द इतक्या वेळा आला, की त्या शब्दाआड एक लिहिता माणूस, त्याच्या वह्या आणि त्या वह्यांना माहिती पुरविणारी माणसे दिसेनाशी व्हावीत. प्रस्तुत लेखात आम्ही त्या वह्यांकडे, त्या ज्या प्रदेशात भरत गेल्या त्यांपैकी एका प्रदेशाच्या बाजूने पाहणार आहोत. तो प्रदेश म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांध.

२

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे चितमपल्लींच्या जुन्या लेखनात आणि त्याआधीच्या सरकारी कागदपत्रांत हा सारा मुलूख भंडारा जिल्हा म्हणूनच येतो. तलावांचा जिल्हा ही त्याची ओळख जुनी आहे. हे तलाव निसर्गाने दिलेले नाहीत. टेकड्यांमधल्या खिंडी मातीच्या बांधांनी अडवून ते माणसांनी केले, आणि त्या कामात कोहळी समाजाचा वाटा मोठा होता. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने घातला, असे परंपरा सांगते. बांध घालणारा पुढे देव झाला. कोलासूर म्हणून त्याचे ठाणे तलावाच्या काठी आहे. बांधाला आधार देणाऱ्या टेकड्यांना लोक सातबहिणी म्हणतात. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवर १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कोहळ्यांवर स्वतंत्र टिपण आहे, आणि त्यात या समाजाचे तलाव बांधण्याचे कौशल्य आवर्जून नोंदविले आहे.

१९५० च्या मध्य प्रदेशातील कायद्याने मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारकडे गेले. तेव्हापासून त्यांचे कागदोपत्री नाव ‘माजी मालगुजारी तलाव’ असे झाले. लोकांनी त्याचे ‘मामा तलाव’ करून टाकले. सरकारी लघुरूपाला नात्याचा शब्द करणारी ही बोली, हे आमच्या विषयाचे एक पात्रच आहे.

नवेगावच्या तलावाचा विस्तार सुमारे ११ चौरस किलोमीटर. त्याच्या पाण्यात मालडोंगरी नावाचे बेट आहे. भोवतीच्या जंगलाला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे १३४ चौरस किलोमीटर. उत्तरेकडचे नागझिरा त्याआधी, १९७० मध्येच अभयारण्य झाले होते. या दोहोंना आणि लगतच्या अभयारण्यांना मिळून डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. दोन्ही जंगलांच्या मधून आज ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ मध्ये बेटांच्या जीवभूगोलाचा जो सिद्धांत मांडला, तो पुढे अशाच तुटक जंगलांना लागू केला गेला. शेतीने, रस्त्यांनी आणि वस्त्यांनी वेढलेला जंगलाचा तुकडा हेही एक बेटच. ते जितके लहान आणि जितके एकाकी, तितकी त्यावरील जातींची संख्या टिकणे कठीण. मालडोंगरी हे पाण्यातले बेट. नवेगाव आणि नागझिरा ही भातशेतीच्या समुद्रातली बेटे. आणि आमच्या मते बेटाचे आणखी एक प्रकरण येथे आहे, ते भाषेचे. त्याकडे आम्ही पुढे वळू.

३

चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात झाला. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू कानावर पडत वाढण्याचे ते गाव. एकाच वस्तूला चार नावे असतात आणि चारही खरी असतात, हे अशा गावात वाढणाऱ्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयात शिक्षण झाल्यावर १९५८ ते १९६० या काळात कोइमतूरच्या वन महाविद्यालयात त्यांचे प्रशिक्षण झाले. पुढे सुमारे तीन दशके त्यांनी महाराष्ट्राच्या वनखात्यात काढली. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांच्या सेवेतील आणि लेखनातीलही ठाणी. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या कामानंतर १९९० मध्ये ते निवृत्त झाले. नोकरी सांभाळतच त्यांनी पारंपरिक पद्धतीने संस्कृतचे अध्ययन केले. त्याचे फळ म्हणजे हंसदेवाच्या ‘मृगपक्षिशास्त्र’ या संस्कृत ग्रंथाचे मराठीकरण. प्राचीन ग्रंथातील पक्षी आणि समोरच्या फांदीवरचा पक्षी यांची ओळख पटविणे हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग राहिला.

नवेगावचे राष्ट्रीय उद्यान आकाराला येत होते, त्या काळातले त्यांचे वास्तव्य त्यांच्या लेखनात फार खोल रुजलेले दिसते. तेथे त्यांना माधवराव पाटील भेटले. डोंगरवार घराण्यातील हे गृहस्थ चितमपल्लींच्या वाचकांना नावाने परिचित आहेत. तलावावर कोणता पक्षी केव्हा उतरतो, कोणते झाड कधी फुलते, कोणत्या वाटेने जनावर पाण्यावर येते, याचे ज्ञान त्यांच्यापाशी होते आणि अधिकाऱ्याने ते शिष्यभावाने घेतले. एका सरकारी अधिकाऱ्याने गावातील जाणत्याला आपला गुरू म्हणून छापील पुस्तकात नावानिशी उभे करावे, ही मराठी निसर्गलेखनाच्या इतिहासातील लहान घटना नव्हे. आमच्या परिभाषेत बोलायचे, तर ही चिठ्ठी पानाखाली ठसठशीत चिकटलेली आहे.

४

आता वह्यांविषयी. वनाधिकाऱ्याला दौऱ्याची दैनंदिनी लिहावी लागते. आज कोठून कोठे गेलो, कोणता कूप तपासला, कोणती रोपवाटिका पाहिली. हा कागद वरिष्ठांसाठी असतो आणि त्याची भाषा ठरीव असते. इंग्रज अमदानीतील वनाधिकारी आणि मुलकी अधिकारी या दैनंदिनीला समांतर स्वतःची टिपणे ठेवीत, आणि निवृत्तीनंतर त्यांतून पुस्तके निघत. मध्य प्रांताच्या जंगलांवर जेम्स फोर्सिथचे पुस्तक १८७१ मध्ये आले, डनबार ब्रँडरचे १९२३ मध्ये. ती पुस्तके आजही वाचनीय आहेत. परंतु त्यांत जंगल इंग्रजीत बोलते, आणि ज्याने वाट दाखविली तो बहुधा बिननावाचा ‘शिकारी’ किंवा ‘गोंड’ असतो.

चितमपल्लींनीही नोकरीच्या काळात डायऱ्या लिहिल्या, आणि त्यांच्या पुस्तकांचा कच्चा माल त्या डायऱ्यांतलाच. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’, ‘रातवा’ ही पुस्तके मोठ्या कादंबरीसारखी रचलेली नाहीत. ती नोंदींच्या गाठी मारीत जातात. एक मुक्काम, एक प्राणी, एक माणूस, एक आठवण. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्रही पुष्कळ अंशी याच पद्धतीने चालते. समीक्षकांना यात बांधणीचा अभाव दिसू शकेल. आम्हांला त्यात दैनंदिनीचा वंश दिसतो. गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज पाद्र्याचे सेलबर्न गावाच्या निसर्गावरील पुस्तक १७८९ मध्ये आले, तेही दोन स्नेह्यांना लिहिलेल्या पत्रांचे बनलेले आहे. एकाच जागी वर्षानुवर्षे राहून लिहिणाऱ्याला मोठ्या कथानकाची गरज भासत नाही. ऋतू हेच त्याचे कथानक असते.

मराठीत या वाटेवर त्यांच्याआधी दोन ठळक पावले उमटली होती. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ चे. त्यात महिन्यांचा क्रम आहे, संस्कृत काव्याची स्मृती आहे, आणि पाहणारी व्यक्ती शहरात राहून आकाश व झाडे न्याहाळते आहे. दुसरे पाऊल व्यंकटेश माडगूळकरांचे. ‘नागझिरा’ हे त्यांचे पुस्तक याच परिसरातल्या मुक्कामाचे फलित आहे. माडगूळकर आणि चितमपल्ली यांचा स्नेह सर्वश्रुत आहे. परंतु माडगूळकर जंगलात पाहुणे म्हणून आले. त्यांची नजर चित्रकाराची आणि कथाकाराची. चितमपल्ली तेथे नोकरीला होते. जंगल राखणे, त्यासाठी माणसांना अडविणे, आणि त्याच माणसांकडून जंगल शिकणे ही तिन्ही कामे एकाच माणसाने करायची होती. या तिहेरी भूमिकेचा ताण त्यांच्या लेखनात उघडपणे फारसा येत नाही. अभ्यासकाने मात्र तो विसरू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि १९७५ च्या उद्यानानंतर ज्या गावकऱ्यांच्या पूर्वापार वहिवाटीवर बंधने आली, त्यांच्याच तोंडून आलेले शब्द या वह्यांत उतरले आहेत.

५

चितमपल्लींनी मराठीला एक लाख शब्द दिले, असे विधान वृत्तपत्रांत वारंवार छापून आले. साहित्याच्या विद्यार्थ्याने या आकड्यापाशी थांबावे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती सुमारे साठ हजार शब्दांची आहे. एका माणसाने त्याहून अधिक शब्द ‘दिले’ म्हणजे काय केले? घडविले, गोळा केले की वापरात आणले? गौरवाच्या भरात या तीन क्रिया एकत्र झाल्या आहेत. त्या वेगळ्या केल्याने त्यांचे मोठेपण उणावत नाही, उलट नेमके होते.

घडविलेल्या शब्दांची उदाहरणे सुपरिचित आहेत. बगळे-करकोच्यांच्या वीण-वसाहतीला ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’. दोन्हींत संस्कृत ‘आगार’ आहे. काकागार स्वयंस्पष्ट आहे. सारंगागाराला मात्र अडचण आहे. संस्कृतात ‘सारंग’ हा अनेकार्थी शब्द, हरिणापासून चातकापर्यंत त्याचे अर्थ पसरलेले. तरीही तो शब्द पक्षिनिरीक्षकांत रुळला, कारण त्याला लय आहे आणि गरज खरी होती. हे काम परिभाषा घडविण्याचे. ते सावरकरांपासून रघुवीरांपर्यंत अनेकांनी केलेल्या कामाच्या ओळीत बसते.

गोळा केलेल्या शब्दांची जात निराळी. ‘रातवा’ हा शब्द कोणी घडविला नाही. रात्री जमिनीवर बसून एकसुरी साद घालणाऱ्या पक्ष्याचे ते बोलीतले नाव आहे. त्याला पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आणून बसविणे हे चितमपल्लींचे कर्तृत्व. २००२ मधील ‘पक्षिकोश’ हा या संग्राहक वृत्तीचा कळस आहे. तेथे शास्त्रीय नावासोबत संस्कृत, हिंदी आणि इतर भारतीय भाषांतील नावे शेजारी नांदतात. त्यापाठोपाठ प्राणी, वृक्ष आणि मासे यांच्या कोशांचे काम त्यांनी हाती घेतले. उतारवयात, लोक आठवणी लिहितात त्या वयात, हा माणूस नोंदी अकारविल्हे लावीत बसला होता.

अशा नोंदींची गरज किती खरी आहे, हे झाडांच्या नावांवरून कळेल. सह्याद्रीत ज्याला ‘ऐन’ म्हणतात, तो पूर्व विदर्भात ‘येन’ होतो आणि हिंदी मुलुखाच्या सीमेवर ‘साजा’. पश्चिमेकडचा ‘बिबळा’ इकडे ‘बीजा’. ‘टेंभुर्णी’ म्हटले की फळ आठवते आणि ‘तेंदू’ म्हटले की विडीचे पान, झाड एकच. शास्त्रीय नाव या सर्वांना एका खुंटीवर टांगते, म्हणून ते आवश्यक. पण त्या झाडाशी कोणाचे काय नाते आहे, हे बोलीतले नावच सांगू शकते.

आणि येथे भाषेच्या बेटाचा प्रश्न येतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा झाडीबोलीचा मुलूख. या बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘र’ होतो. काळा तो ‘कारा’, फळ ते ‘फर’, आणि तलावाची पाळ ती ‘पार’. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास आणि शब्दकोश सिद्ध केला, तिच्या साहित्याची चळवळ उभी केली. चितमपल्लींच्या पुस्तकांतून ही बोली प्रमाण मराठीचे धुतलेले कपडे घालून येते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला शब्द कळावा म्हणून ‘पार’ची ‘पाळ’ होणे समजण्यासारखे आहे. पण उच्चार गेला की चिठ्ठीवरचा पत्ता अर्धा पुसला जातो. या परिसरात गोंडी बोलणारे आहेत, पोवारी बोलणारे आहेत, तलावावर पोट असलेले ढीवर आहेत. कोणता शब्द कोणाचा, हे कळले तरच त्या शब्दामागची वहिवाट कळते. तलावात आपोआप उगवणाऱ्या रानभाताला येथे ‘देवधान’ म्हणतात. ज्याला कोणी पेरले नाही ते देवाचे. म्हणून ते सर्वांचे. या एका नावात मालकीविषयीचा एक विचार दडलेला आहे. तो शब्द नुसता ‘रानभात’ असा कोशात गेला असता, तर विचार बाहेरच राहिला असता.

६

चितमपल्लींच्या लेखनावर वैज्ञानिक वृत्तीच्या वाचकांनी घेतलेला आक्षेप असा, की त्यांत निरीक्षण आणि ऐकीव माहिती यांच्या सीमा नेहमी स्पष्ट नसतात. कावळ्याने घरटे कोणत्या झाडावर आणि झाडाच्या कोणत्या दिशेला बांधले यावरून येणाऱ्या पावसाचा अंदाज करावा, अशा प्रकारच्या कथनांसाठी ते दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस वृत्तपत्रांत उद्धृत होत. असे आडाखे मराठी शेतकऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. सहदेव-भाडळीच्या नावावर ते सांगितले जातात. त्यांची हवामानशास्त्राने करावी तशी पडताळणी लेखकाने केलेली नाही.

या आक्षेपाला दोन घाईची उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर असे, की ऋषितुल्य माणसाचे सांगणे तपासू नये. दुसरे असे, की जे सिद्ध नाही ते टाकून द्यावे. आम्हांला दोन्ही उत्तरे गैर वाटतात. ‘घरटे पूर्वेला म्हणून पाऊस चांगला’ हे विधान निसर्गाविषयीचे म्हणून घेतले तर ते संशयास्पद आहे. तेच विधान ‘अमुक गावच्या, अमुक समाजाच्या, अमुक वर्षी भेटलेल्या माणसाने असे सांगितले’ या चिठ्ठीसह घेतले, तर ते लोकसमजुतीच्या इतिहासातला अस्सल दस्तऐवज ठरते, आणि पुढच्या संशोधकाला पडताळणीसाठी एक गृहीतकही मिळते. प्रश्न श्रद्धेचा नाही, चिठ्ठीचा आहे. माधवराव पाटलांचे नाव जेथे आहे तेथे ही चिठ्ठी शाबूत आहे. जेथे ‘आदिवासी म्हणतात’ एवढेच उरते, तेथे ती गळून पडली आहे.

यावर कोणी म्हणेल, की ललित गद्याकडून हे मागणे अन्यायाचे आहे. निबंधकाराने का तळटीपा द्याव्यात? आक्षेप रास्त आहे. परंतु चितमपल्लींनी स्वतः ललित गद्यापाशी थांबणे पत्करले नाही. ते कोशाकडे वळले, आणि कोश ही चिठ्ठ्यांचीच कला आहे.

या कलेचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर, साडेतीनशे वर्षांपूर्वी घडले. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक वान ऱ्हीड याने ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोंकणी विद्वान यांनी त्याला माहिती पुरविली. वान ऱ्हीडने त्यांची प्रमाणपत्रे त्यांच्याच लिपीत ग्रंथात छापली. कोंकणी विद्वानांचे पत्र नागरी अक्षरांत आहे, १६७५ या सालाचे. चित्रांवर वनस्पतींची नावे रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी लिप्यांत आहेत. वसाहतीचा अधिकारी होता तो, त्याचे हेतू व्यापाराचे होते. तरीही कोणी काय सांगितले हे त्याने लपविले नाही. त्या चार माणसांची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत ती त्या चिठ्ठ्यांमुळे. नंतरच्या दोन शतकांत ब्रिटिश अमदानीत जमलेल्या अगणित नमुन्यांखाली संग्राहक साहेबाचे नाव आहे. पान तोडून देणाऱ्याचे नाही.

७

मालवणला १८८४ मध्ये जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर हे आधुनिक वनस्पतिशास्त्रातले मराठी माणसांपैकी अग्रणी. बर्लिनला एंग्लरच्या हाताखाली त्यांनी वायव्य भारतातील मरुवनस्पतींच्या प्रसारावर प्रबंध लिहिला, कलकत्ता विद्यापीठात तीन दशके अध्यापन केले, आणि १९४६ पासून पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संशोधन संस्था उभी केली. १९९२ मध्ये त्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले. तेथील वनस्पतिसंग्रहात वाळलेली पाने क्रमांकासह, स्थळासह, तारखेसह जपली जातात. शंभर वर्षांनी कोणी विचारले, की हे झुडूप अमुक डोंगरावर होते काय, तर पान उत्तर देईल.

शब्दांना असा संग्रह नाही. कोश शब्दाचा अर्थ जपतो. तो कोणत्या तलावाच्या पारीवर, कोणाच्या तोंडून, कोणत्या साली ऐकला हे जपत नाही. ते फक्त लेखकाच्या वहीत असते, आणि आपल्याकडे लेखकाच्या वहीला पुस्तकाचा उष्टा कागद समजण्याची रीत आहे. पुस्तक निघाले की वहीचे काम संपले. साहित्य संमेलनाध्यक्षांचा सत्कार होतो, त्यांच्या नावे पुरस्कार निघतात. २००६ मध्ये सोलापुरात भरलेल्या एकोणऐंशीव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद चितमपल्लींकडे आले तेव्हा, त्यांच्या जन्मगावाने, त्यांचा असाच थाटाचा गौरव केला. तो उचितच होता. पण वनाधिकाऱ्याची दैनंदिनी ही साहित्याइतकीच इतिहासाचीही सामग्री आहे. नवेगावच्या तलावावर एखादा पक्षी कोणत्या महिन्यात उतरला, ही १९७० च्या दशकातील तारीखवार नोंद आज पन्नास वर्षांनी हवामानबदलाच्या अभ्यासकालाही लागेल, आणि बोलीच्या अभ्यासकालाही.

सारसाचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रात हा पक्षी आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्याच्या आणि लगतच्या पट्ट्याच्या आश्रयाने उरला आहे. त्याचे जगणे भातशेती, तलावांचे उथळ काठ आणि तेथील देवधानासारख्या वनस्पती यांच्याशी बांधलेले आहे. बेशरमाची झुडपे तलाव गिळू लागली, पाळीखालचे शेत रसायनांनी भरले, की सारसाचे बेट आणखी आकसते. तो पूर्वी कोठे कोठे दिसे हे ठरविताना जुन्या वह्या पुरावा होतात. त्या वेळी ‘विदर्भातल्या एका तलावावर’ हे सुंदर वाक्य कामाचे नसते. तलावाचे नाव लागते.

८

२००२ च्या जैविक विविधता कायद्याने गावोगावी लोकांची जैवविविधता नोंदवही करण्याची तरतूद केली. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना जंगलावरील सामूहिक हक्क मागण्याची वाट दिली. या दोन्ही कायद्यांपुढे गावाला कागद दाखवावा लागतो : आमच्या जंगलात हे आहे, आम्ही ते अमुक नावाने ओळखतो, आम्ही ते पूर्वापार वापरतो. ज्या ज्ञानाची चिठ्ठी एकेकाळी साहेबाने फाडली आणि नंतर ललित लेखकाने कधी जपली, कधी विरघळू दिली, ते ज्ञान आता त्याच लोकांना स्वतःच्या सहीने लिहायचे आहे. अनेक ठिकाणी ही वही उपचार म्हणून भरली जाते, एकाच नमुन्यावरून दहा गावांची उतरवली जाते. तेथे पुन्हा तोच दोष : पाने आहेत, चिठ्ठ्या खोट्या आहेत.

मराठी विभागांतून निसर्गसाहित्यावर प्रबंध लिहिले जातात. त्यांत प्रतिमासृष्टी, भाषाशैली, आस्वादकता यांवर प्रकरणे असतात. ती असावीतच. त्यांच्या जोडीला एक काम अर्जुनी मोरगावच्या, साकोलीच्या, गोंदियाच्या विद्यार्थ्याने हाती घेण्याजोगे आहे, आणि पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला ते सहसा साधणार नाही. ‘जंगलाचं देणं’ किंवा ‘रानवाटा’ हाती घ्यावे. त्यातला प्रत्येक स्थळनिर्देश, प्रत्येक झाडाचे नाव, प्रत्येक सांगणाऱ्याचा उल्लेख वेगळा काढावा. मग त्या गावी जाऊन म्हाताऱ्या माणसांना तो शब्द विचारावा. कोणता शब्द अजून आहे, कोणता उच्चारात बदलला, कोणता तलावाबरोबर बुजला. ज्याने मूळ सांगितले त्याचे नाव सापडले तर ते लिहावे. पानांखाली चिठ्ठ्या पुन्हा चिकटविण्याचे हे काम आहे. त्यात प्रतिभेची फारशी अपेक्षा नाही, पायपीट पुष्कळ आहे, आणि सांगणारी पिढी वर्षागणिक कमी होते आहे.

चितमपल्लींनी स्वतः नवेगावला हेच केले होते. एका जाणत्याच्या मागे चालत, विचारीत, लिहून घेत. त्यांच्या लेखनाचा वारसा सांगणाऱ्यांनी निदान तेवढे चालावे.